उजवा पाय जागा ठेव

"आय हॅव कंट्रोल!" चौबळ सर ओरडले आणि विमान त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं.

समोरच्या काचेत आकाश असायला हवं होतं, तिथे कापसाची शेतं गरगरत होती. डावा पंख खाली गेला होता. सरांनी नाक खाली केलं, उजवं पेडल दाबलं, वेग घेतला आणि बघता बघता विमान सरळ केलं. झकास केलं, हेही सांगायला हवं. मग रुमालाने कपाळ पुसलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "काय केलंस, कळलं का?"

"सर, नाक वर घेतलं, वेग कमी होऊ दिला, आणि..."

"आणि डावं पेडल दाबलंस. विमानाचा वेग संपत आलेला, ते हवेत नुसतं थबकलेलं, आणि बाईसाहेबांनी डावं पेडल दाबलं. अशाने विमान गिरकी घेत खाली जातं, हे पुस्तकात वाचलंयस ना? की पुस्तकही डाव्या पायानेच वाचतेस?"

"मी दाबलं नाही, सर."

"मग काय, मी दाबलं?" असं म्हणून ते हसले.

त्या दोन सीटच्या विमानात परीक्षार्थी डावीकडे बसतो, परीक्षक उजवीकडे. दोघांच्या पायांशी पेडलची सारखीच जोडी असते आणि ती खालून एकमेकींना जोडलेली असते. एकाने दाबलं की दुसऱ्याचंही दाबलं जातं, आणि डावं आत गेलं की उजवं मागे येतं. माझ्या उजव्या तळव्याला ते पेडल मागे येताना स्पष्ट जाणवलं होतं. पण व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याची टेस्ट चालू आहे, शेजारी आयुष्यभर मोठी विमानं चालवलेला माणूस बसलाय, आणि तो म्हणतोय की तू दाबलंस. माणूस स्वतःच्या पायावर संशय घेतो. मीही घेतला.

ही माझी दुसरी टेस्ट होती. पहिल्या वेळी उतरताना चाकं टेकली आणि विमान धावपट्टीच्या डाव्या कडेला गेलं, म्हणून नापास. आता ही. दोन्ही वेळी एकच शेरा, डावा पाय.

आमची अकॅडमी भोकरखेड्याच्या बाहेर होती. विमानतळ म्हणायचं एवढंच; एक धावपट्टी, एक हँगर, पत्र्याचं कँटीन आणि मुलांचं हॉस्टेल. त्या वर्षी मुलगी मी एकटीच. मुलींसाठी हॉस्टेल नव्हतं, म्हणून मी गावात शिक्षक कॉलनीत खोली घेऊन राहायचे आणि सायकलने यायचे. त्या दिवशी आम्ही उतरलो तेव्हा हँगरसमोर मुलं जमली होती आणि त्यांच्या पायाशी बादली भरलेली होती. आमच्याकडे पद्धत होती, टेस्ट पास होऊन उतरलेल्याच्या डोक्यावर पाण्यात जळकं इंजिन ऑइल घालून बादली ओतायची. तो डागाळलेला शर्ट मग धुवायचा नाही, हॉस्टेलच्या भिंतीला टांगायचा. माझा चेहरा बघून दोघांनी ती बादली गुपचूप हँगरमागे नेली.

चौबळ सर पुढे चालत गेले. चालताना त्यांचा डावा बूट जमिनीवर सपकन आपटायचा. आम्हाला तो रुबाब वाटायचा. कँटीनमध्ये त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा तयार होता. आमचे मुख्य प्रशिक्षक ताम्हाणे सर कप हातात घेऊन अदबीने उभे होते.

"ताम्हाणे, हिला स्कूटी चालवायला पाठव," चौबळ सर म्हणाले. "डावा पाय गाठोड्यासारखा टाकून बसते. उद्या पन्नास माणसं मागे बसवून असाच पाय टाकणार आहे का?"

"मी बघतो सर," ताम्हाणे म्हणाले.

"पुढच्या महिन्यात येईन तेव्हा शेवटचं बघतो. पायच नीट नाहीत तर घरी बस म्हणावं. लग्नबिग्न कर." मी तिथेच उभी होते, हातभर अंतरावर.

ते गेल्यावर ताम्हाणे सर माझ्याजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "रेवती, तुला म्हटलं होतं ना, चौबळ सरांबरोबर उजवा पाय जागा ठेव."

म्हटलं होतं. दोन्ही वेळा म्हटलं होतं. मला वाटलं, ते नीट लक्ष ठेव, एवढंच सांगताहेत.

"सर, माझं नक्की काय चुकतंय?"

"प्रॅक्टिस कर," ते म्हणाले आणि निघून गेले.

माझ्या लेखी पेपरांची मुदत पुढच्या महिन्याअखेर संपत होती. तोवर उड्डाणाची टेस्ट पास झाले नाही, तर सगळे पेपर पुन्हा पहिल्यापासून. चौबळ सरांशिवाय दुसरा परीक्षक आमच्याकडे येत नव्हता. म्हणजे पुढची टेस्ट हीच शेवटची. बार्शीला घरी बाबांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, मुलगी वैमानिक होणार. रोज फोनवर पहिलं वाक्य तेच, "झालं का गं?" तेही बिचारे काय करणार? पण मला त्यांच्यावर चिडायला व्हायचं आणि चिडता येत नाही म्हणून जास्तच चिडायला व्हायचं.

मग मी स्वतःच्या डाव्या पायामागे हात धुऊन लागले. डाव्या पायातला बूट काढून, नुसत्या मोज्यावर विमान चालवलं. पेडलला नखही लागत नाही ना, याची खात्री करायला मान वाकवून वाकवून बघितलं. रात्री पलंगावर पडल्यावरही तो पाय उचलून धरायचे. एकदा सराव करताना ताम्हाणे सरांनी सांगितलं, "उजवं पेडल जरा दाबून धर. कायमचं."

"पण सर, मग विमान उजवीकडे ओढतंय. हा बघा बॉल बाहेर चाललाय." समोर एका वाकड्या काचेच्या नळीत छोटा बॉल असतो. तो मधोमध असला की विमान सरळ चाललंय असं समजायचं.

"असू दे. सवय कर."

"चुकीची सवय कशाला करू?"

"रेवती, तू फार प्रश्न विचारतेस," ते म्हणाले. मी पेडल दाबून धरलं. विमान खेकड्यासारखं तिरकं जात राहिलं आणि शेजारी बसलेला मुख्य प्रशिक्षक खिडकीतून बाहेर बघत राहिला.

टेस्टच्या दोन दिवस आधी मी आणि निशिकांत वाकोडे विमान हँगरमध्ये ढकलत होतो. निशिकांत अकोल्याकडचा. माझ्यानंतर आला आणि माझ्याआधी पास झाला. त्याचा डागाळलेला शर्ट हॉस्टेलच्या भिंतीवर केव्हाच लागला होता. ढकलता ढकलता मी सहज म्हटलं, "निशा, तुझ्या टेस्टमध्ये पेडल कधी आपोआप हललं का रे?"

तो थांबला. विमानही थांबलं.

"म्हणजे? तुले माहीत नाही?"

"काय?"

"चौबळ सरांचा पाय वं! डावा. ते टाकून देतात ना पेडलवर. त्यायले समजतच नाही. शुगर आहे त्यायले, पाय बधिर झाला आहे. आपण गपचूप उजवं दाबून धरायचं. बस. जितकं ते दाबतीन तितकं आपण दाबायचं. झालं!"

मी पंखाखालून वाकून त्याच्या बाजूला गेले.

"तुला कुणी सांगितलं?"

"हॉस्टेलात सगळ्यायलेच सांगतात. आल्या आल्या. सीनियर लोकं नवीन पोरायची परीक्षाच घेतात त्याच्यावर. 'चौबळचा पाय कोणता?' म्हणून इचारतात. डावा म्हटलं नाही तर पंचवीस बैठका."

"आणि मला?"

त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, हा विचार त्याच्या डोक्यात आजपर्यंत आलाच नव्हता.

"तू हॉस्टेलात नव्हती ना," तो म्हणाला. "पहिल्यांदा नापास झाली तवा वाटलं, घाबरून इसरली असशीन. दुसऱ्यांदा वाटलं... मले वाटलं, ताम्हाणे सर सांगतीन."

"ताम्हाणे सरांना माहीत आहे?"

"आता बाप्पा! त्यायलेच तर पहिले माहीत."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मला त्या दिवशी कळली. महिनाभर मी माझ्या चांगल्या पायाला शिव्या दिल्या होत्या. बूट काढून उघडा मोजा त्या थंडगार धातूवर ठेवला होता. आणि हे सगळे, अख्खं हॉस्टेल, बादली भरून उभे राहत होते.

मी तशीच ताम्हाणेंच्या खोलीत गेले. दार वाजवलं नाही.

"सर, चौबळ सरांच्या पायाचं तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी उठून आधी दार लावलं. "हळू बोल."

"माहीत होतं का?"

"मी तुला सांगितलं होतं, उजवा पाय जागा ठेव."

"याला सांगणं म्हणतात?"

"हे बघ, मी प्रशिक्षक आहे. मी तोंडाने स्पष्ट सांगितलं, तर ते अधिकृत झालं. उद्या कुणी विचारलं, तर मला माहीत होतं असं होईल. मुलं आपापसात बोलतात ते वेगळं."

"माझ्या आपापसात कोण आहे, सर? शिक्षक कॉलनीतल्या जोशीकाकू?"

त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. "आता कळलंय ना? परवा दाबून धर आणि पास हो. विषय संपला."

"आणि चौबळ सरांना कोण सांगणार?"

"त्यांना?" ताम्हाणे खरोखरच दचकले. "एवढा मोठा माणूस आहे. आपल्या अकॅडमीवर त्यांचे उपकार आहेत. ते यायचे थांबले तर इथे कोण येणार आहे टेस्ट घ्यायला? सगळ्यांनी सांभाळून घेतलंय त्यांना इतकी वर्षं. तूही घे."

खरं सांगते, मी घ्यायचं ठरवलं होतं. रागाने फणफणत का होईना, पण ठरवलं होतं. माझे पेपर बाद होणार होते. मला परवाना हवा होता. एकदा तो हातात आला की या सगळ्यांची तोंडं बघायची नाहीत, असं मी सायकलवरून घरी जाईपर्यंत स्वतःला बजावत होते.

टेस्टच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. चौबळ सर बसले, त्यांनी पट्टा आवळला आणि म्हणाले, "आज पाय घरी ठेवून आलीस ना?"

"हो सर."

धावपट्टीवर वेग घेतानाच मला ते जाणवलं. आता माहीत होतं म्हणून स्पष्ट जाणवलं. एक जडशीळ, मेलेलं वजन डाव्या पेडलवर पडलेलं. मी उजवा पाय दाबला. तेवढाच. विमान सरळ राहिलं. आम्ही वर गेलो. तिरकी वळणं घेतली, उंची धरली, दिशा धरली. उजव्या पोटरीला गोळा यायला लागला, तरी दाबून धरलं. बॉल मधोमध, खिळा ठोकल्यासारखा. मी चोरून खाली बघितलं. त्यांचा तुकतुकीत पॉलिश केलेला काळा बूट पेडलवर आडवा पडला होता. त्यांच्या मांडीवर पॅड होतं आणि ते मजेत काहीतरी लिहीत होते.

"सुधारलीस," ते म्हणाले. "बघ, पाय जागेवर आले की सगळं जमतं. मी उगाच ओरडत नाही. ओरडतो म्हणून तुम्ही शिकता."

हे ते नसते बोलले, तर कदाचित मी आजही गप्पच असते. नापास केलं तेव्हा आला नव्हता एवढा राग मला त्या शाबासकीचा आला. माझ्या पोटरीने तो मेलेला पाय उचलून धरला होता आणि हा माणूस मला शिकवल्याचं श्रेय घेत होता!

"आता स्टॉल दाखव," ते म्हणाले.

स्टॉल म्हणजे मुद्दाम वेग संपवून विमान हवेत थबकवायचं आणि मग सावरायचं. मी इंजिनाचा जोर कमी केला, नाक वर धरलं. वेग उतरायला लागला. कंट्रोल सैल लागायला लागले. धोक्याचा भोंगा बारीक वाजू लागला. याच ठिकाणी मागच्या वेळी शेतं गरगरली होती. मी उजवं पेडल दाबून होते. आणि तेवढ्यात सरांनी सीटवर जरा बूड हलवलं. त्यांचा बूट पेडलवरून निम्मा घसरला. माझा दाब एकदम एकटा पडला आणि नाक उजवीकडे फेकलं गेलं.

मी पाय सोडला, नाक खाली टाकलं, इंजिनाला जोर दिला. वाचलो. पण तेवढ्या वेळात एक गोष्ट लख्ख कळली. सगळी मुलं ज्याला सांभाळून घेणं म्हणत होती, ते हे होतं. दोन माणसांनी एकमेकांविरुद्ध पेडलं दाबायची आणि खाली जमीन आहे हे विसरायचं. आजवर कुणी मेलं नव्हतं ते केवळ नशीब.

"हे काय होतं?" सर खेकसले. "आता उजवा पाय? रेवती दाभाडे, तुला दोन पाय दिलेत ते..."

"सर, तुमचा पाय पेडलवर आहे."

"काय?"

"तुमचा डावा पाय. पेडलवर आहे."

"माझे पाय खाली आहेत. सबबी सांगू नकोस."

"खाली बघा, सर."

"आवाज खाली! मी तुझ्या जन्माच्या आधीपासून..."

"खाली बघा!" मी ओरडले. परीक्षकावर, टेस्ट चालू असताना, भर हवेत. माझा आवाज हेडफोनमधून माझ्याच कानात घुमला.

त्यांनी बघितलं. बूट परत पेडलवर चढला होता. ते बराच वेळ त्या बुटाकडे बघत राहिले, वाटेत पडलेल्या कुणा दुसऱ्याच्या वस्तूकडे बघावं तसे. मग पाय मागे घ्यायचा प्रयत्न केला असावा. बूट हलला नाही. शेवटी त्यांनी पॅड बाजूला ठेवलं, दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि पाय उचलून खाली ठेवला.

माझ्या पायाखालची पेडलं हलकी झाली. विमान इतकं हलकं असतं हे मी विसरले होते.

"लँड कर," ते म्हणाले.

मी उतरवलं. अगदी मधल्या रेषेवर. तसं लँडिंग मी नंतरही फार वेळा केलं नसेल. इंजिन बंद केलं तरी ते उतरेनात.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"मला परवा कळलं. बाकीच्यांना तुम्ही इथे यायला लागल्यापासून माहीत आहे. ते उजवं पेडल दाबून धरतात. हॉस्टेलात शिकवतात तसं."

"ताम्हाणेला?"

"त्यांना सगळ्यांच्या आधी."

मला त्यांची दया आली का? नाही आली. यावी असं वाटत होतं, पण आली नाही. मी त्यांना सरळ विचारलं, "सर, माझा निकाल?"

"या टेस्टचा निकाल मला देता येणार नाही. मी परीक्षक म्हणून बसायलाच नको होतं. ही टेस्ट धरता येत नाही."

"मी नीट चालवलं, नीट उतरवलं."

"चालवलंस. पण ही टेस्ट धरता येत नाही."

"ठीक आहे. मग आधीच्या दोन टेस्टही धरू नका. तेव्हाही हाच पाय होता. तेव्हा तर तुम्ही 'मग काय, मी दाबलं?' म्हणून हसला होतात."

त्यांनी पट्टा सोडला. मग म्हणाले, "त्यांचे कागद वर गेलेत. ते आता झालं."

हे मी कधीही विसरणार नाही. नापास केलं तेव्हा तो पाय चालत होता. पास करायची वेळ आली तेव्हा तो पाय आजारी झाला. माफी मागायची तर गोष्टच सोडा.

ते दार धरून खाली उतरले आणि हँगरकडे चालू लागले. बूट सपकन आपटत होता. मुलं रांगेत उभी होती. पुढे ताम्हाणे सर, पांढऱ्याशुभ्र शर्टात, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. पायाशी भरलेली बादली. माझं लँडिंग सगळ्यांनी बघितलं होतं, त्यामुळे मुलं टाळ्या वाजवत होती.

"ताम्हाणे," चौबळ सर म्हणाले, "माझ्या पायाचं तुला माहीत होतं?"

टाळ्या थांबल्या. ताम्हाणेंनी आधी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून आठवते. चूक त्यांची, पण घात मी केला, असं सांगणारी.

"सर, तसं काही विशेष नाही... तुमच्यासारख्या माणसाला आम्ही कसं..."

"आज माणसं मेली असती."

"सर, मुलं सांभाळून घेत होती."

"सांभाळून घेत होती?" चौबळ सर एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच म्हाताऱ्या माणसाचा वाटला. ते गाडीत जाऊन बसले. चहा तसाच राहिला. त्यानंतर त्यांनी कुठेही टेस्ट घेतली नाही, असं पुढे कानावर आलं.

गाडी फाटकाबाहेर पडली आणि सगळे माझ्यावर उलटले.

"माझी टेस्ट उद्या होती!" एकजण म्हणाला. "आता परीक्षक कोण आणणार? तुझा बाप?"

"चूप राहिली असती तर पास झाली असती वं," निशिकांत कळवळून म्हणाला. "काहून बोलली? तुह्यंही गेलं, आमचंही गेलं."

ताम्हाणे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "समाधान झालं? एका मोठ्या माणसाला आयुष्याच्या शेवटी अपमानित केलंस. इतकी वर्षं एकाही मुलाने तोंड उघडलं नाही. संस्कार लागतात त्याला."

मी बादली उचलली. जड होती. वरचं तेल उन्हात चमकत होतं.

"सर, आज इथे एकच माणूस पास झाला," मी म्हटलं. "इतकी वर्षं माहीत असून तुम्ही नामानिराळे राहिलात. अभिनंदन."

आणि सगळी बादली त्यांच्या डोक्यावर ओतली.

कुणी हललं नाही. काळं पाणी त्यांच्या चष्म्यावरून, सोनेरी पट्ट्यांवरून, इस्त्रीच्या घडीवरून खाली गळत होतं. मी रिकामी बादली खाली ठेवली आणि सायकलकडे गेले. दुसऱ्या दिवशी अकॅडमीने मला काढून टाकल्याचं कळवलं. मी तशीही जाणार नव्हते.

पेपर बाद झाले. सगळे पुन्हा दिले, दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या अकॅडमीत. बाबांनी गल्लीत काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. तिथे टेस्टला बसले तेव्हा नवे परीक्षक दार लावायच्या आत मी त्यांच्या पायांकडे बघितलं. ते म्हणाले, "काय बघतेस?" मी म्हटलं, "तुमचे पाय, सर. मागे घ्या." त्यांनी घेतले. मी पास झाले. तिथेही बादली ओतायला आलेल्या मुलांना मी हात लावू दिला नाही.

आता टेस्ट मी घेते. केसांत पांढरं आलंय आणि मुलं मला बघून उठून उभी राहतात. विमानात बसल्यावर, इंजिन चालू करायच्या आधी, मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते. हवामान नाही, नियम नाहीत.

"हॉस्टेलमध्ये माझ्याबद्दल काय सांगतात?"

परवा एक मुलगा होता. हुशार, नीटनेटका. त्याने माझ्याकडे बघितलं. मग त्याची नजर झटकन माझ्या हातांवर गेली आणि तितक्याच झटकन समोर वळली.

"काही नाही, मॅडम," तो म्हणाला.

"नक्की? सांगितलंस तर नापास करणार नाही. लिहून देते."

"खरंच काही नाही, मॅडम. सगळे तुमचा खूप आदर करतात."

आजवर सगळ्यांनी हेच उत्तर दिलंय. मला चौबळ सरांचा बूट आठवला. मी माझे हात उचलून डोळ्यांसमोर धरले, पालथे केले, सुलटे केले. मला काहीच दिसलं नाही.